माहूरचे अद्भुत आणि भाषेचे अभ्यासक

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेने तीन बाजूंनी वेढलेल्या डोंगराळ मुलखात माहूर वसलेले असून, एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय आणि तिसऱ्यावर अत्री-अनसूया अशी या क्षेत्राची मांडणी आहे. या शिखरांपलीकडे किनवटचे सागवानी जंगल पसरलेले आहे आणि त्यात गोंड, कोलाम व परधान यांची गावे व पाडे आहेत. एवढ्याशा भूभागात पुराणकथेचे तीन स्वतंत्र प्रवाह शेजारी-शेजारी वाहत आले: माहात्म्यग्रंथांतून आणि यात्रेकरूंच्या तोंडून चालत आलेली रेणुकेची कथा, महानुभाव पंथीयांनी मराठीत लिहून ठेवलेले दत्तात्रेयाचे चरित्र, आणि परधान भाटांच्या किंगरीवर गायली जाणारी गोंडांची देवकथा. या तिन्ही प्रवाहांचा आधुनिक अभ्यास ज्या तौलनिक भाषाशास्त्राच्या प्रेरणेने सुरू झाला, त्याच शास्त्राने आयर्लंड आणि वेल्स येथील केल्टिक हस्तलिखितेही उघडली. तेथे मात्र अभ्यासकाच्या मेजावरून ती सामग्री थेट कल्पनासाहित्याच्या कारखान्यात गेली, तर माहूरची सामग्री कोश, व्याकरण आणि प्रबंध यांपाशीच थांबली. हा फरक का पडला, हे पाहण्यासाठी आधी केल्टिक अभ्यासाची वाटचाल समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिचा बराचसा भाग हिंदुस्थानातूनच गेलेला आहे.

केल्टिक हे भारोपीय, म्हणजे संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन इत्यादी भाषा ज्यात मोडतात त्या कुळातील एका शाखेचे नाव आहे. आज तिच्यात आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स हा एक गट, तर वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन हा दुसरा गट धरला जातो. एके काळी पश्चिम युरोपाच्या मोठ्या भागात पसरलेल्या या भाषा पुढे अटलांटिक महासागराच्या काठापर्यंत रेटल्या गेल्या आणि त्यांपैकी कॉर्निश व मँक्स या तर मातृभाषा म्हणून नामशेष होऊन नंतर प्रयत्नपूर्वक पुन्हा बोलल्या जाऊ लागल्या. या भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणी असाव्यात, असा तर्क विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडला; जोन्स यांचे घराणे मुळात वेल्समधील अँगलसी बेटावरचे होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. तर्काला प्रमाण मिळण्यास पुढे अर्धे शतक लागले. जर्मन पंडित फ्रान्झ बॉप यांनी १८३८ च्या सुमारास केल्टिकचे कुळातील स्थान निश्चित केले आणि योहान कास्पर त्सॉइस यांनी १८५३ मध्ये, मध्ययुगीन भिक्षूंनी लॅटिन पोथ्यांच्या समासात खरडलेल्या जुन्या आयरिश टिपांच्या आधारे, केल्टिक भाषांचे पहिले शास्त्रीय व्याकरण उभे केले.

या व्याकरणाने घडवलेल्या पिढीतील सर्वांत कष्टाळू संपादक व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा वकील होता आणि त्याच्या आयुष्याची १८६२ ते १८८२ ही वीस वर्षे हिंदुस्थानात गेली. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळाचा विधी सदस्य झालेला, दिवसा कायद्यांचे मसुदे लिहिणारा हा अधिकारी फावल्या वेळात जुन्या आयरिश संहिता संपादित करीत असे आणि त्यांतील काही त्याने १८६६ मध्ये कलकत्त्यातच छापल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये संस्कृत शिकवणारे रॉबर्ट ॲटकिन्सन हेही आयरिश हस्तलिखितांचे संपादक होते आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज ग्रिअर्सन यांनी पुढे भारतीय भाषांची प्रचंड पाहणी पार पाडली. या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. मात्र मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद संस्थान ही क्षेत्रे पाहणीबाहेर ठेवली गेल्यामुळे, वऱ्हाड आणि मुंबई इलाख्यातील मराठीचे नमुने बारकाईने नोंदले गेले तरी, नांदेड, उदगीर, निलंगा, माहूर या पट्ट्यातील बोली तेवढ्या कसोशीने कागदावर आल्या नाहीत. मराठवाड्याच्या भाषिक अभ्यासाच्या उशिराचे एक मूळ या प्रशासकीय रेषेत आहे.

निजामाच्या मुलखातून आयर्लंडकडे जाणारी आणखी एक वाट होती आणि ती काहीशी विचित्र होती. निजामाच्या सेवेतील अधिकारी व कादंबरीकार फिलिप मेडोज टेलर याने शोरापूर परिसरातील महापाषाणांची, म्हणजे मोठाल्या शिळा रचून केलेल्या प्राचीन दफनस्थानांची, वर्षानुवर्षे पाहणी केली. १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारही त्याच्याकडे होता आणि तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने पुढे 'तारा' ही कादंबरी लिहिली. निवृत्तीनंतर डब्लिनजवळ स्थायिक होऊन त्याने रॉयल आयरिश अकादमीपुढे दख्खनमधील या शिळास्मारकांवर एक विस्तृत निबंध सादर केला आणि त्याच्या शीर्षकातच त्यांना केल्टिक, ड्रुइड किंवा सिथियन स्मारके असे म्हटले. दख्खनच्या शिळांचा आयर्लंडच्या ड्रुइड पुरोहितांशी वांशिक संबंध आहे, ही कल्पना आज पुरातत्त्वात कोणी मानत नाही. तरीही तिच्यातून त्या काळची एक वृत्ती दिसते: दोन दूरच्या प्रदेशांतील साम्य दिसले की त्यामागे लोकांचे स्थलांतर शोधायचे. कथांच्या साम्याबाबत हीच घाई झाली असती तर माहूरविषयीही अनेक मनोरंजक आणि निराधार ग्रंथ निर्माण झाले असते.

साम्ये नाहीत असे मात्र नाही. माहूरच्या स्थलकथेनुसार सहस्रार्जुनाने जमदग्नीचा वध केल्यावर परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचे कलेवर आणि दुसऱ्यात माता रेणुकेला घेऊन, अंत्यसंस्कारासाठी कोरी भूमी शोधत निघाला. माहूरला दत्तात्रेयाच्या सांगण्यावरून त्याने संस्कार केले, बाण मारून मातृतीर्थ निर्माण केले आणि रेणुका सती गेली. मातेच्या वियोगाने व्याकुळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणी झाली की माता भूमीतून पुन्हा प्रकट होईल, परंतु त्याने मागे वळून पाहू नये. त्याला धीर धरवला नाही, त्याने वळून पाहिले आणि तोवर केवळ मुखच वर आले होते. म्हणून माहूरच्या गाभाऱ्यात देवीचा शेंदूरचर्चित मुखवटा, म्हणजे तांदळा, एवढेच रूप आहे आणि तिला कुटलेल्या विड्याचा, तांबुलाचा, नैवेद्य दाखवला जातो. परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून मातेचे मस्तक उडवल्याची महाभारतातील कथा याच्या मागे उभी आहेच.

वेल्श भाषेतील मॅबिनोगी या मध्ययुगीन कथाचक्राच्या दुसऱ्या शाखेत ब्रॅन या राजाचे मस्तक त्याच्याच आज्ञेवरून धडावेगळे केले जाते आणि ते मस्तक बोलत राहते. उरलेले सात सोबती त्याच्यासह एका बेटावरील दालनात ऐंशी वर्षे दुःखाचा स्पर्शही न होता राहतात, मात्र कॉर्नवॉलकडचे दार उघडायचे नाही अशी अट असते. त्यांपैकी एक जण ते दार उघडतो, सारे दुःख एकदम परत येते आणि मस्तक लंडनच्या टेकडीत पुरावे लागते. तेथून ते परचक्रापासून देशाचे रक्षण करते, अशी श्रद्धा कथेत नोंदली आहे. जिवंत मस्तक, मोडलेली अट आणि भूमीशी जडलेले नाते हे तीन घटक दोन्हीकडे आहेत. यावरून वेल्सचे लोक माहूरला किंवा माहूरचे लोक वेल्सला गेले होते असे ठरत नाही. मस्तक हे सामर्थ्याचे स्थान आणि भूमी ही त्याची धारक, ही जाणीव अनेक कृषिसंस्कृतींत स्वतंत्रपणे उगवलेली दिसते.

रेणुकेच्या बाबतीत ही जाणीव शास्त्रीय शिस्तीने तपासण्याचे श्रेय रा. चिं. ढेरे यांना आहे. त्यांच्या 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात मस्तकहीन, उत्तान बसलेल्या मातृदेवतेच्या मूर्ती आणि केवळ मुखरूपाने पूजली जाणारी रेणुका-यल्लम्मा यांचा एकमेकींशी संबंध लावून, वारुळ, भूमी आणि सुफलता यांच्या उपासनेपर्यंत माग काढलेला आहे. अशा मूर्ती प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, येथेही सापडल्या असून लातूर जिल्ह्यातील रेणापूरचे रेणुकास्थान या उपासनेचा पसारा बालाघाटाच्या पठारावरही असल्याचे दाखवते. माहात्म्यग्रंथांच्या बाजूने पाहिले तर स्कंदपुराणाचा भाग म्हणवणाऱ्या 'सह्याद्रिखंडा'ची पहिली मुद्रित आवृत्ती गोव्याचे वैद्य व प्राच्यविद्या-पंडित जुझे जेर्सन द कुन्य यांनी १८७७ मध्ये मुंबईत काढली आणि तिच्यात रेणुकामाहात्म्यही समाविष्ट केले. ढेरे यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी पोथीतील कथेला गाभाऱ्यातील दगड, जोगतिणीचे गाणे आणि उत्खननातील मूर्ती यांच्या बरोबरीने बसवले आणि चारींची साक्ष एकत्र घेतली. आयरिश पुराणकथेच्या अभ्यासात अशी सोय नाही, कारण तेथे गाभारा आणि जोगतीण दोन्ही उरलेले नाहीत.

माहूरचा दुसरा प्रवाह लेखी आहे आणि तो मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभाशी जोडलेला आहे. महानुभाव पंथ श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर अशा पाच अवतारांना मानतो, त्यांना पंचकृष्ण म्हणतात. यांतील दत्तात्रेयाचे स्थान माहूर असून तेथील देवदेवेश्वर हे त्याचे निद्रास्थान समजले जाते. दत्त पहाटे काशीला स्नान करतो, कोल्हापुरास भिक्षा मागतो आणि माहूरला निजतो, ही दत्तसंप्रदायातील सर्वश्रुत समजूत म्हणजे एका दिवसात मावणारा देशाचा पौराणिक नकाशाच आहे. महानुभावांच्या कथेप्रमाणे चक्रपाणी, म्हणजे चांगदेव राऊळ, माहूरला आले असता दत्तात्रेयाने वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवून शक्तिसंचार केला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'ची भाषा इतकी साधी आणि रोजच्या बोलण्यातली आहे की असा प्रसंगही शेजारच्या गावात काल घडलेल्या हकिकतीसारखा वाटतो, आणि अद्भुत सांगण्याची ही कोरडी, निर्विकार रीत हे या गद्याचे मोठे सामर्थ्य आहे.

आयरिश वीरकथाही युरोपातील बहुतेक महाकाव्यांप्रमाणे पद्यात नसून गद्यात आहेत आणि त्यांतही हाच कोरडेपणा आढळतो. दोन परंपरांतील याहून लक्षणीय साम्य ग्रंथ हरवण्याच्या आणि सापडण्याच्या कथेत आहे. पंथीय परंपरेनुसार खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाली आणि हिराइसा, कवीश्वरबास, परशरामबास आदींनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे या ग्रंथाचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि पाठचिकित्सकांना शतकभर पुरेल एवढे काम मिळाले. आयर्लंडमध्ये 'टाइन' या गोधन-हरणाच्या महाकथेविषयीही अशीच आख्यायिका आहे: कवींना ती पूर्ण आठवेनाशी झाली, तेव्हा एका तरुण कवीने तिच्यातील फर्गस या वीराच्या थडग्यापुढे गीत म्हटले, धुके दाटले आणि मृत वीराने उठून तीन दिवस-रात्री संपूर्ण कथा ऐकवली. महानुभावांनी थडग्यापेक्षा जिवंत शिष्यांच्या स्मृतीवर भरवसा ठेवला, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते अधिक सोयीचे ठरले.

माहूरवर लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ म्हणजे रवळोबासांचे 'सह्याद्रिवर्णन' हे चौदाव्या शतकातील ओवीबद्ध काव्य. महानुभाव ज्यांना सातीग्रंथ म्हणतात त्या सात मान्यवर काव्यांत त्याची गणना होते आणि त्यात सह्याद्री म्हणजे पश्चिमेचा घाट नव्हे तर माहूरचा डोंगर आहे. याच रवळोबासांच्या नावावर परंपरा सकळ लिपीची निर्मिती घालते. सकळ लिपी ही एक सांकेतिक लिपी आहे, म्हणजे तिच्यात नेहमीच्या अक्षरांच्या जागी ठरावीक दुसरी अक्षरे किंवा चिन्हे योजलेली असतात आणि किल्ली हाती असल्याशिवाय मजकूर लागत नाही. सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी, वज्रलिपी अशा आणखी कितीतरी लिप्या पंथात प्रचलित झाल्या, आणि पंथाची ठाणी पंजाबपासून काबूलपर्यंत पसरली तेव्हा या लिप्यांतील मराठी पोथ्याही तिकडे गेल्या. यामागे छळाची भीती होती, की अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये ही भावना होती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते, कारण निव्वळ भीती असती तर एवढ्या विविध लिप्या रचण्याची हौस कोणी केली नसती.

अशाच हौसेचा पुरावा दूर आयर्लंडमध्ये मिळतो. ओघम ही दगडाच्या कडेवर रेघा कोरून लिहिण्याची आयरिश लिपी इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत स्मारकशिळांवर वापरात होती. पुढे तिची व्यावहारिक गरज संपली, तरीही 'बुक ऑफ बॅलिमोट' या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात पंडितांनी तिचे जवळपास शंभर सांकेतिक प्रकार हौसेने नोंदवून ठेवले आहेत. माहूरचे महंत आणि बॅलिमोटचे लेखक यांना एकमेकांचे अस्तित्व ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, तरी एकाच शतकात दोन्हीकडे अक्षर हे ज्ञानाचे कुलूप म्हणून घडवले जात होते.

सकळ लिपीचे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी उघडले. वि. का. राजवाडे यांनी तिची किल्ली प्रसिद्ध केली, वि. ल. भावे यांनी महंतांचा विश्वास संपादन करून पोथ्या मिळवल्या आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये महानुभावीय मराठी वाङ्मयाचा समग्र आढावा घेतला. त्यानंतर ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांची संपादने, शं. गो. तुळपुळे यांचा यादवकालीन मराठी भाषेवरील प्रबंध, लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील इयन रेसाइड यांची महानुभाव ग्रंथांची सूची आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश अशी ही साखळी वाढत गेली. यात बहुतेक नावे पुणे, नागपूर, यवतमाळ आणि परदेश येथील आहेत. प्रत्यक्ष नांदेडमध्ये ग्रंथसंशोधनाला संस्थात्मक आधार मिळण्यास हैदराबाद मुक्तिसंग्राम संपून महाविद्यालये निघावी लागली. श्रीनिवास रित्ती आणि गो. चिं. शेळके यांनी जिल्ह्यातील कोरीव लेखांचे संकलन नांदेडच्या यशवंत महाविद्यालयातर्फे १९६८ मध्ये सिद्ध केले आणि त्यातून या भागाच्या कानडी-संस्कृत भूतकाळाचा पाया स्पष्ट झाला.

तिसरा प्रवाह, किनवटच्या जंगलातला, केल्टिक अभ्यासाशी सर्वांत जवळचा आहे, कारण तेथे प्रश्न केवळ जुन्या पोथीचा नसून मोठ्या भाषांच्या दाबाखाली मागे हटणाऱ्या जिवंत भाषांचा आहे. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविड कुळातील भाषा आहेत, परंतु त्या एकाच गटात मोडत नाहीत. गोंडांच्या देवकथा जपण्याचे काम स्वतः गोंड करीत नाहीत. प्रत्येक गोंड कुळाशी वंशपरंपरेने बांधलेला परधान हा भाट किंगरी या तंतुवाद्यावर त्या कुळाची कथा गातो आणि त्याबद्दल त्याला दान मिळते. आयर्लंडमधील फिली, म्हणजे राजघराण्याशी बांधलेला वंशावळ व वीरकथा जाणणारा व्यावसायिक कवी, हाच व्यवसाय करीत असे. परधानांच्या कथेत महादेवाने गुहेत कोंडून शिळेने बंद केलेल्या गोंड देवांना पहांदी कुपार लिंगल हा वीर मुक्त करतो आणि त्यांची चार, पाच, सहा व सात देवांच्या कुळांत विभागणी करतो. आजही विवाहसंबंध या विभागणीनुसार ठरतात.

लिंगलची कथा पहिल्यांदा लिहून घेतली ती नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी, एका परधानाच्या तोंडून, आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाचच वर्षांनी जेम्स फॉर्सिथ या वनाधिकाऱ्याने तिचे इंग्रजीत पद्य रूपांतर केले आणि त्यासाठी अमेरिकन कवी लाँगफेलो याच्या 'हायावाथा'चा छंद उचलला. गोंड पुराणकथेचे पहिले कल्पनासाहित्यातील रूप अशा रीतीने अमेरिकन इंडियनांच्या काव्यासाठी वापरलेल्या, मुळात फिनलंडच्या महाकाव्यावरून घेतलेल्या छंदात इंग्रजीत अवतरले. हे रूपांतर काव्य म्हणून सामान्य आहे, पण संग्रहातून निर्मितीकडे उडी मारण्याची जी तत्परता त्यात दिसते, ती नंतर मराठीत दिसत नाही.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता, आणि म्हणून क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ चा ग्रंथ हा नांदेडच्या इतिहासाचाही ग्रंथ आहे. १९४० मध्ये कुमराम भीमू यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडून पाहणी करवून घेतली. मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचा विषयच पुराणकथा आणि विधी हा असून, परधानांच्या दीर्घ आख्यानांचे इतके सविस्तर सार दुसरीकडे क्वचितच सापडते. गोंडांच्या शेजारी राहणाऱ्या कोलामांना भूमीच्या जुन्या देवतांचे पुजारी म्हणून गोंडही मान देतात, ही त्यातील नोंद भाषिक इतिहासाच्या दृष्टीनेही बोलकी आहे.

याच जंगलातील भाषांचे व्याकरण लिहिणारा अभ्यासक लातूर जिल्ह्यातला होता. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० मध्ये निलंगा येथे झाला. फारसी साधनांतून मराठा व मोगल इतिहास मराठीत आणणारे इतिहासकार म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत, परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत आदिलाबादकडे काम करताना त्यांनी गोंडी आत्मसात केली, गोंडांवर ग्रंथ लिहिला आणि १९५० मध्ये कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियाचे द्राविड भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५५ च्या आपल्या कोलामीवरील ग्रंथात वर्धा भागातील स्वतःच्या नोंदींबरोबर पगडींच्या सामग्रीचाही आधार घेतला. कायद्याच्या कामातून वेळ काढून आयरिश संहिता छापणारा स्टोक्स आणि महसुली कामातून वेळ काढून कोलामीची क्रियापदे नोंदणारे पगडी यांच्यात एक मोठा भेद आहे: स्टोक्स आपल्याच बेटाची भाषा दूर देशात बसून अभ्यासत होता, तर पगडी शेजाऱ्याची भाषा शेजारी बसून शिकत होते. मराठी वाचकांनी त्यांच्या या कामाची दखल फारशी घेतली नाही, याचे एक कारण ते इंग्रजीत लिहिले गेले हे होय. दुसरे कारण शिवकाल आणि पेशवाई यांपुढे कोलामी व्याकरणाला आमच्या इतिहासप्रेमात जागा नव्हती.

आता कल्पनासाहित्याकडे वळता येईल. आरंभीची बरीचशी मराठी कादंबरी अद्भुतातच रमली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये निघाली, त्याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांचे भाषांतर आरंभले, आणि पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने (१९१३) कित्येक पिढ्यांना गुप्त भुयारे व अचाट पराक्रम यांची गोडी लावली. या लेखनाचे अद्भुत संस्कृत कथाग्रंथ, अरबी-फारसी किस्से आणि इंग्रजी रोमान्स यांतून आले. निजामी अमलात कचेरी आणि उच्च शिक्षण उर्दूत असल्याने मराठवाड्यातील शिकलेल्या वाचकाला तिलिस्म, अय्यार आणि पऱ्या यांचे जग तर घरचेच होते. पुढे जी. ए. कुलकर्णी यांनी 'रमलखुणा'मध्ये (१९७५) स्वतःच्या कल्पित भूमी उभ्या केल्या, त्याही माहूर वा किनवट यांच्या कथांपासून दूरच्या होत्या.

आयर्लंड-वेल्समध्ये याच्या उलट घडले. लेडी शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ या काळात मॅबिनोगीचे इंग्रजी भाषांतर केले, कवी येट्सच्या पिढीने आयरिश दंतकथांवर आधुनिक काव्य उभारले आणि ऑक्सफर्डचे भाषापंडित जे. आर. आर. टॉल्किन यांनी वेल्शच्या ध्वनिरचनेवरून आपल्या एका काल्पनिक एल्फ-भाषेचा सांगाडा बनवला, तिच्यासाठी लिपी रचली आणि मग त्या भाषा बोलणाऱ्यांचा इतिहास म्हणून कादंबऱ्या लिहिल्या. १९५५ मध्ये, त्यांच्या महाकादंबरीचा शेवटचा खंड बाहेर पडला त्याच सुमारास, इंग्रजी आणि वेल्श यांच्या संबंधावर त्यांनी व्याख्यान दिले, तेव्हा अभ्यासक आणि कथाकार एकाच व्यासपीठावर उभे होते. त्यापूर्वी स्कॉटिश लेखक मॅकफर्सनने १७६० नंतर ऑसियन नावाच्या प्राचीन कवीच्या नावाने बनावट काव्ये खपवून युरोपाला भुलवले होते, म्हणजे या मार्गात फसवणुकीचाही टप्पा आहे; तरी त्या बनावटीनेच खऱ्या हस्तलिखितांचा शोध वेगाने सुरू झाला.

हा भेद प्रतिभेच्या कमतरतेतून आलेला नाही. आयरिश भिक्षूंनी आपल्या वीरकथा लिहिल्या तेव्हाच त्यांतील देव पराभूत झाले होते. ते टेकड्यांखालचे परीलोक म्हणून उरले आणि त्यांच्याशी कोणताही खेळ करण्यास कोणाची हरकत उरली नाही. माहूरची रेणुका मात्र आजही हजारो घराण्यांची कुलस्वामिनी आहे, देवदेवेश्वरी महानुभावांचा नित्यविधी चालतो आणि लिंगलच्या विभागणीनुसार सोयरीक जुळते. पूजेत असलेली कथा लेखकाच्या हाती कच्चा माल म्हणून सहजासहजी येत नाही. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये शासनाच्या साहित्य-संस्कृती मंडळाने काढले तेव्हा त्यातील काही लीळांवर पंथीयांनी आक्षेप घेतला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. केवळ पाठ छापण्यावर एवढे घडत असेल तर त्या पाठावर कल्पित रचना करण्याचे धाडस कमी होणे स्वाभाविक आहे. याला नांदेडची वैचारिक घडणही पूरक ठरली. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी महाभारत, मनुस्मृती आणि मराठी कादंबरी यांवर अत्यंत धारदार लेखन केले, पण पुराणकथा हा समाजरचनेचा पुरावा म्हणून तपासायचा विषय, ही त्यांची दृष्टी होती आणि त्यांच्या प्रभावाखालील पिढीनेही तीच उचलली. चिकित्सेला ही दृष्टी फार उपकारक होती. अद्भुत कथेला तिच्या छायेत वाढणे अवघड गेले.

एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी जालन्यात जन्मलेले भारत सासणे होते. गूढ आणि अद्भुत यांना वास्तवाच्या बरोबरीने वागवणारे, आणि मुलांसाठीही रहस्यकथा लिहिणारे ते कथाकार आहेत. संमेलनाध्यक्षपद अशा लेखकाकडे मराठवाड्याच्याच भूमीवर यावे, याची नोंद वाङ्मयेतिहासाला घ्यावी लागेल. त्याआधीच १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन लातूरला त्याचे उपकेंद्रही निघाले होते, आणि माहूर व किनवट या विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतात. परधानांच्या आख्यानांचे मूळ गोंडी पाठ मराठी अनुवादासह संपादित होणे, पगडींचे कोलामी व्याकरण मराठीत येणे आणि 'सह्याद्रिवर्णना'ची सामान्य वाचकासाठी सटीप आवृत्ती निघणे, ही तीन कामे तेथून झाली तर पुढच्या कथाकाराला माहूरच्या अद्भुतासाठी हायमेनडॉर्फच्या इंग्रजी सारांशावर विसंबून राहावे लागणार नाही.